मंगळवारची रात्र

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच उठून "काहीतरीच!" म्हणायचे कष्ट वाचतील. जुन्नरच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक सरकारी इमारत होती. तिथे एक सत्त्याहत्तर वर्षांची बाई घरातला मसाला वाटायचा पाटा घेऊन आली. साधा काळा पाटा, लसणाचा वास हाडात मुरलेला. त्या पाट्यात तिच्या नवऱ्याची शेवटची रात्र होती, आणि ती बाहेर काढून द्या, असं तिचं म्हणणं होतं. इमारतीतलं कोणी हसलं नाही. उलट तिला चहा विचारला आणि अर्ज दिला.

दगड ऐकतात, हा शोध लागून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. सगळेच दगड नव्हेत. सह्याद्रीचा काळा पाषाण तेवढा ऐकतो. लाव्हा थंड होताना त्याच्या पोटात जे बारीक स्फटिक तयार झाले ते आवाजाने हलतात. केसाच्या हजाराव्या भागाइतके का होईना, पण हलतात, आणि पुन्हा अगदी होते तिथे येत नाहीत. म्हणजे दगडापाशी कोणी शिंकलं तरी ते दगडात राहतं. कोकणातल्या जांभ्याला मात्र भोकंच इतकी, की आवाज एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. शहाबादी फरशी सकाळचं संध्याकाळी विसरते. या अन्यायाबद्दल कोकणच्या एका आमदाराने विधानसभेत प्रश्न विचारला होता. मंत्र्यांनी अभ्यास समिती नेमतो असं सांगितलं, आणि समितीने अहवाल दिला की जांभ्याला खरंच काही आठवत नाही.

अडचण वेगळीच होती. दगड ऐकतो, पण लावून ठेवत नाही. घरात आल्यापासूनचं सगळं, भांडणं, अंगाई, कुकरच्या शिट्ट्या, एकावर एक एकाच जागी पडलेलं. नुसतं ऐकू गेलं तर आठवडी बाजारात कान लावल्यासारखं होतं. त्यातून एकच तास वेगळा काढायचा तर त्या तासाची खूण हवी. ती सापडली पृथ्वीच्या पोटात. पृथ्वीचा गाभा अखंड थरथरत असतो, आपल्या पायाला कळणार नाही इतका मंद. शास्त्रज्ञ त्याला गाभास्पंद म्हणतात. प्रत्येक सेकंदाची थरथर निराळी, एकदा झालेली पुन्हा होत नाही, आणि गणिताने ती मागची-पुढची कुठलीही काढता येते. दगडात उमटलेल्या प्रत्येक आवाजाखाली त्या सेकंदाचा गाभास्पंद शिक्क्यासारखा बसलेला असतो. यंत्राला सेकंद सांगा, यंत्र तो शिक्का शोधून त्याच्यावरचा आवाज उचलून देतं.

फक्त यंत्राला मंगळवार कळत नाही. त्याला श्रावण कळत नाही, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी" कळत नाही, "धाकटीच्या बारशाच्या आदल्या आठवड्यात" तर मुळीच कळत नाही. त्याला एक आकडा लागतो. एकोणीसशे सत्तर सालचा जानेवारी सुरू झाला, लंडनजवळच्या ग्रीनिच गावात मध्यरात्रीचे बारा वाजले, तिथे संगणकवाल्यांनी शून्य मांडलं आणि पुढे एकेक सेकंद मोजत सुटले. आपल्याकडे त्या वेळी पहाटेचे साडेपाच झाले होते, म्हणजे संगणकांचा काळ सुरू झाला तेव्हा इकडे बंब पेटले होते. त्या शून्यापासून कुठल्याही घटनेपर्यंत जितके सेकंद झाले असतील तो तिचा क्षणांक. सत्तरच्या आधी घडलेल्या गोष्टींचा क्षणांक उणे. पाषाणश्रवण केंद्रात येणारा माणूस तारीख घेऊन यायचा, आणि तिथल्या संगणकाचं पहिलं काम ती तारीख क्षणांकात बदलण्याचं.

ती नीट बदलणं फार गरजेचं, कारण श्रवण एकदाच होतं. आवाज उचलताना स्फटिकांना जी ऊब लागते तिने बाकीचं सगळं विस्कटून जातं. एका दगडातून एक तास. त्यानंतर दगड मुका होतो. मग त्याला कितीही विचारा.

सुरुवातीच्या काळात त्या तासाचं ध्वनिमुद्रण घरच्यांना देत असत. मग भावकीतले लोक एकमेकांच्या पायऱ्या उखडून आणायला लागले. एका देवस्थानाने मूळ पुरुषाचा उपदेश मिळावा म्हणून गाभाऱ्याचा उंबरा आणला, मोठा समारंभ केला, आणि भरल्या मांडवात ध्वनिवर्धकावरून मूळ पुरुषाचा आवाज आला, "माझ्या वहाणा कोण घालून गेलं?" तासभर तेवढाच विषय होता. त्यानंतर सरकारने ध्वनिमुद्रण बंद केलं आणि श्रोता नावाचं पद काढलं. श्रोत्याने बंद खोलीत एकट्याने ऐकायचं, घरच्यांनी जो प्रश्न विचारला असेल त्याचंच उत्तर बाहेर येऊन सांगायचं, बाकीचं पोटात ठेवायचं. म्हणजे काय, तर दगडाच्या पोटातून निघालेलं माणसाच्या पोटात जायचं.

जुन्नरच्या केंद्रातल्या श्रोत्या होत्या डॉ. रेवती औटी. भूभौतिकीत डॉक्टरेट केलेल्या, चाळिशीच्या, आणि आजवर घरच्यांना एक अक्षर खोटं न सांगितलेल्या. बायको शेवटी शेजाऱ्याचं नाव घेत होती, हेसुद्धा त्यांनी एका माणसाला सांगितलं होतं, कारण त्याने तेच विचारलं होतं.

"ठेव तिथं. हळू ठेव. तुझा बाप आहे त्यात," पाटा घेऊन आलेली बाई मुलाला म्हणाली.

मुलगा एक्कावन्न वर्षांचा. त्याने खांद्यावरून गोणपाटात गुंडाळलेला पाटा उतरवला, टेबलावर ठेवला आणि हात झटकून मागे उभा राहिला. बाईचं नाव रंजना भोर. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगा सुयोग, नारायणगावला रोपवाटिका चालवायचा आणि रोपांच्या संगतीने बोलणं विसरल्यासारखा होता.

"बसा, आजी," रेवती म्हणाल्या. "पाट्याला छिन्नीने टाकी कधी लावली होती शेवटची?"

"हे गेल्यावर नाही लावली. ते असताना टाकीवाला दारावर यायचा, लावून घ्यायचे. नंतर मिक्सर आला."

"चांगलं झालं. वरचा थर शाबूत आहे. हा कुठे असायचा घरात?"

"त्यांच्या खाटेखाली. एकच खोली होती. जागा कुठं होती दुसरीकडे?"

"तारीख सांगा."

"सतरा सप्टेंबर, दोन हजार एकोणीस. मंगळवार. मंगळवारी रात्री, दोन ते तीनच्या मध्ये. डॉक्टर सकाळी आले होते, त्यांनी हात लावून सांगितलं, अमुक इतके तास झाले म्हणून. दाखल्यावरही तसंच लिहिलंय बघा."

रेवतींनी दाखला पाहिला. तसंच लिहिलं होतं. त्यांनी तारीख आणि वेळ संगणकात भरली. पडद्यावर आकडा आला, एकशे छप्पन्न कोटी शहाऐंशी लाख पासष्ट हजार आठशे.

रंजनाबाईंनी चष्मा वर करून पाहिलं. "हे काय? बिल?"

"नाही, आजी. हा त्या सेकंदाचा नंबर. जगात जो सेकंद होऊन गेला त्याला एक नंबर आहे. तसाच दुसरा सेकंद नाही."

"मग तिकीट म्हणा की. दोन पॅसेंजरना एक नंबर कधी यायचा नाही. आला तर कंडक्टर घरी." आकडा त्यांना एकदम पटला. "आणि सत्तरच्या आधीचे लोक?"

"त्यांचे आकडे उणे."

"म्हणजे माझी आई उण्यात जन्मली. तरीच कशाला म्हणून हो म्हणायची नाही."

रेवती हसल्या. मग नियमाप्रमाणे त्यांनी हसणं आवरलं आणि विचारलं, "मी तासभर ऐकेन. पण सांगेन फक्त तुम्ही विचाराल तेवढंच. प्रश्न काय आहे तुमचा?"

"त्यांनी हाक मारली का?" रंजनाबाई म्हणाल्या. "एवढंच."

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही, कारण मनात ते फार वेळा सांगून झालं होतं. त्या दिवशी त्यांना मुक्कामी गाडी होती. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी निघून डोंगरातल्या शेवटच्या गावात रात्रभर थांबणारी आणि पहाटे पहिले उतारू घेऊन परतणारी. ड्रायव्हर गाडीत झोपतो, कंडक्टर बाई असेल तर गावातल्या कुणाच्या घरी. फोनला रेंज नाही. नवरा भरत मोटारी रिवाइंड करायचा. छातीच्या झडपेचं दुखणं होतं, पण त्या आठवड्यात बरं वाटत होतं. मंगळवारी संध्याकाळी त्या ड्युटीवर गेल्या. सकाळी आठला अंगावर खाकी तशीच, खांद्याला पैशांची पिशवी तशीच, घरी आल्या तर तो थंड पडलेला.

"एकटे गेले," रंजनाबाई म्हणाल्या. "मी तिकडे कुणाच्या तरी ओसरीवर पाय ताणून झोपलेले. हाक मारली असेल तर ती कुणी ऐकली? आणि मारली नसेल तर... मारली नसेल तर मग बरं."

"तुम्ही घरातच होता ना?" रेवतींनी सुयोगकडे पाहिलं.

"तो काय सांगणार?" उत्तर आईनेच दिलं. "नऊ वर्षांचा होता. झोपेचा पक्का. सकाळी मीच हलवून उठवला, तेव्हा डोळे चोळत होता."

सुयोग पाट्याकडे बघत होता.

"आजी, एक सांगते," रेवती म्हणाल्या. "मारली होती, असं उत्तर आलं तर ते परत आत घालता येत नाही. काही लोक इथून गेल्यावर म्हणतात, विचारलं नसतं तर बरं झालं असतं."

"पोरी, बेचाळीस वर्षं झाली. रोज रात्री दोन्ही उत्तरं ऐकते मी. एकात हाक मारतात, एकात मारत नाहीत. त्यातलं एक तरी बंद होऊ दे. कुठलंही."

"पाटा मुका होईल."

"आहे मिक्सर," रंजनाबाई म्हणाल्या, आणि पाट्यावर तळवा ठेवून क्षणभर तशाच बसल्या.

श्रवणाची खोली म्हणजे लाकडी कपाटाएवढी. आत खुर्ची, कानाला लावायचे दोन पेले, आणि काचेपलीकडे यंत्राच्या जबड्यात धरलेला पाटा. रेवतींनी क्षणांक पुन्हा तपासला, बटण दाबलं आणि डोळे मिटले. सवयीने त्यांना ठाऊक होतं की पहिली दोन-तीन मिनिटं खोली ओळखण्यात जातात.

पंखा होता. दर फेऱ्याला टक वाजणारा. लांब कुठेतरी कुत्रं. खाटेची एक दोरी करकरली. पुरुषाचा खोकला, आतून ओढून काढल्यासारखा. बारीक पोराचा श्वास, जमिनीजवळ. सगळं बरोबर होतं.

मग बाईचा आवाज आला.

"झोपा की हो आता."

रेवतींनी डोळे उघडले. शेजारीण असेल, असं त्यांना वाटलं. वाटावं असं त्यांना फार वाटत होतं.

"रंजे, झोपलीस?"

"झोपले."

"झोपलेलं माणूस बोलतं होय?"

"तुम्ही विचारलंत म्हणून जागी होऊन सांगितलं. आता परत झोपले."

पुरुष हसला. हसता हसता खोकला. बाहेर बाकावर बसलेल्या बाईचाच आवाज होता तो, बेचाळीस वर्षांनी तरुण.

रेवतींनी पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. आकडा उलटा फिरवून तारीख काढली. सतरा सप्टेंबर, मंगळवार, दोन वाजून चार मिनिटं. यंत्राची काही चूक नव्हती. रंजनाबाई मंगळवारी रात्री घरी नव्हत्या, हेही खरं होतं. आणि मंगळवारी रात्री दोन वाजता त्या इथे नवऱ्याशी बोलत होत्या. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

मग ते त्यांना कळलं.

आपल्याकडे दिवस सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्य पुन्हा उगवेपर्यंत चालतो. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. मंगळवारी संध्याकाळ होते, जेवणं होतात, अंथरुणं पडतात, दोन वाजतात, तीन वाजतात, ती सगळी मंगळवारचीच रात्र. दोन वाजता दुखायला लागलेला माणूस सकाळी डॉक्टरला सांगतो, काल रात्री दुखलं. परवा म्हणत नाही, आज तर नाहीच नाही. संगणकाचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. त्याच्या हिशेबात मंगळवारी रात्री दोन म्हणजे सोमवारची जेवणं झाल्यानंतरचे दोन. रंजनाबाई म्हणाल्या मंगळवारी रात्री. डॉक्टरांनी लिहिलं मंगळवारी रात्री. रेवतींनी भरलं मंगळवारी रात्री. तिघांनी एकमेकांना अगदी बरोबर समजून घेतलं होतं. न समजलेला चौथा काही बोलत नव्हता.

ही आदली रात्र होती. हव्या त्या रात्रीचे शिक्के याच क्षणी पाट्यात विस्कटत चालले होते, आणि यंत्र मध्ये थांबवून उपयोग नव्हता. रेवती कानाला पेले लावून बसून राहिल्या.

"उद्या मुक्कामीच का?" पुरुषाने विचारलं.

"हं."

पंख्याचं टक, टक. बाईचा श्वास हळूहळू जड झाला. दिवसभर उभ्याने तिकिटं फाडलेल्या बाईची झोप होती ती. बोलता बोलता लागली. पुरुषाने कूस बदलली, खाटेची दोरी करकरली. मग त्याने आवाज इतका खाली आणला, की खाटेखालच्या पाट्याशिवाय तो कुणाला ऐकू जाऊ नये.

"उद्या नको जाऊस."

उत्तर आलं नाही.

"रंजे?"

ती घोरत होती.

"बरं," तो म्हणाला. "जा."

उरलेला वेळ तीन माणसांच्या झोपेचा होता. त्यातला एक जण झोपला नव्हता, हे त्याच्या श्वासावरून कळत होतं.

रेवतींना बाहेर जाईपर्यंत विचार करायला वेळ होता, आणि विचार एकाच घरी थांबेना. केंद्रात येणाऱ्यांतले निम्मे लोक रात्रीच्या मरणासाठी यायचे. माणसं रात्री उशिराच जातात. आणि तारीख सगळेच अशी सांगायचे, कारण तारीख सांगायची दुसरी पद्धतच त्यांच्याकडे नव्हती. म्हणजे गेली सहा वर्षं त्यांनी त्या सगळ्यांना आदली रात्र ऐकवली होती. खरं सांगितलं होतं, शब्दन् शब्द खरा, चुकीच्या रात्रीचा. आणि एकाही माणसाने परत येऊन, हे आमचं नव्हे, असं म्हटलं नव्हतं.

कसं म्हणतील? आजारी माणसाची आदली रात्र आणि शेवटची रात्र कानाला सारखीच लागते. तोच खोकला, तेच पाणी मागणं, तेच देवाचं नाव. ओतूरच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सांगितलं होतं की बायकोचे शेवटचे शब्द "तुमच्या अंगावरचं पांघरूण सरकलंय" असे होते. त्यावर तो म्हातारा जगत होता. दरवर्षी केंद्राला आंब्यांची पेटी पाठवायचा. आणि त्या बाईने पांघरुणानंतर आणखी एक अख्खा दिवस काढला होता. तिने त्या दिवसात त्याला काय काय ऐकवलं असेल, देव जाणे. तो दिवस म्हाताऱ्याच्या डोक्यात अजून होता की पांघरुणाने तोही झाकून टाकला होता? लोक इथे आठवण पडताळून घ्यायला यायचे आणि जाताना दगडाची घेऊन आपली इथेच ठेवून जायचे.

रेवतींसमोर तीन वाटा होत्या. चूक झाली म्हणून सांगावं, तर हातात राहतो मुका पाटा आणि कधीच न मिळणारं उत्तर. शिवाय उद्यापासून सहा वर्षांतले सगळे लोक दारात, ओतूरचा म्हातारा सगळ्यांत पुढे. जे ऐकलं ते सांगावं, तर रंजनाबाईंच्या दोन उत्तरांत तिसरं जमा होतं, आणि ते दोन्हींहून वाईट. हाक मारली होती. आदल्या रात्रीच मारली होती. ती शेजारी झोपलेली असताना.

तिसरी वाट त्यांनी आजवर कधी धरली नव्हती.

यंत्राचा आवाज थांबला. काचेपलीकडे पाटा होता तसाच दिसत होता. मुका दगड आणि बोलता दगड, दिसायला काही फरक नसतो.

बाहेर दुपारचं ऊन बाकापर्यंत आलं होतं. सुयोगने डबा उघडून आईपुढे धरला होता आणि आईने तो तसाच मांडीवर घेतला होता. रेवतींना पाहून दोघं उठली.

"बसा," रेवती म्हणाल्या. स्वतः उभ्याच राहिल्या. "आजी, त्यांनी हाक मारली नाही."

रंजनाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. कंडक्टरची नजर, पास खरा की जुना, ते हातात न घेता ओळखणारी. पण माणसाला एखादी गोष्ट खरी असावी असं वाटायला लागलं की ती नजरही चष्मा काढून ठेवते.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. झोपेतच गेले. श्वास हळूहळू मंद होत गेला आणि... आणि थांबला. दुखलंखुपलं नाही. त्यांना कळलंसुद्धा नसेल. पंखा चालू होता. कुणालाही उठवलं नाही त्यांनी."

"पंखा टकटक करायचा," रंजनाबाई म्हणाल्या.

"हो. करत होता."

हे खरं होतं, आणि त्या एका खऱ्याने बाकीच्या सगळ्याला टेकू दिला. रंजनाबाई बाकावर मागे टेकल्या. हातातला डबा त्यांनी बाजूला ठेवला. मग त्या हसल्या, आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"झोपेत," त्या म्हणाल्या. "ऐक रे सुयोग. बाबा झोपेत गेले मजेत, आणि मी बेचाळीस वर्षं जागी. आता गाठ पडू दे, विचारते." त्यांनी रेवतींचा हात हातात घेतला. "बाई, फार उपकार झाले तुमचे. एकटे होते, पण घाबरले नाहीत ना? तेवढंच खात होतं मला. एकट्याला रात्रीचं भ्या वाटलं असेल, हे."

"नाही," रेवती म्हणाल्या. "अजिबात नाही."

"मॅडम, तुम्ही खोटं बोलताय," सुयोग म्हणाला.

सकाळपासून त्याने उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य. आवाज मोठा नव्हता. रंजनाबाई गर्रकन वळल्या.

"अरे! काय बोलतोस? त्यांनी त्या मशीनवर स्वतःच्या कानाने ऐकलंय."

"मी पण," सुयोग म्हणाला.

रेवतींचा हात अजून रंजनाबाईंच्या हातात होता.

"त्यांनी मला उठवलं, आई. पाणी मागितलं. मी शेजारच्या कासारकाकांना बोलवायला पळत होतो तर मनगट धरलं माझं. म्हणाले, कुठं जाऊ नको, इथं बस. आणि आईला सांगायचं नाही, तिला परत ड्युटीवर जाववणार नाही. तुझी शपथ घातली मला. आईची शपथ मोडली की आई मरते, असं तेव्हा पक्कं माहीत होतं मला. सकाळी बाबा तर गेलेच होते. मग मी झोपल्याचं सोंग घेतलं. पुढे मोठा झालो, कळलं की शपथेने काही होत नाही. पण तोवर तूच सगळ्यांना सांगून टाकलं होतंस, सुयोग झोपलेला होता म्हणून. मला कोणी विचारलंच नाही." त्याने काचेपलीकडच्या पाट्याकडे बोट केलं. "आज म्हटलं, हा सांगेल. म्हणजे मी सांगितलं असं होणार नाही."

"मग?" रंजनाबाईंनी रेवतींचा हात सोडला. "शेवटी... शेवटी काय करत होते ते?"

"मी रडायला लागलो म्हणून पाढा म्हणायला लावला. सतराचा. मी चुकलो की ते हळूच बरोबर आकडा सांगायचे आणि मी पुढे जायचो." सुयोगने मनगटावरून हात फिरवला. "सतरा आठेला चुकलो, तेव्हा त्यांनी सांगितलं नाही."